हेकरू : आधी मादी, मग नर

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात पापलेट-सुरमईच्या शेजारी कधीकधी एक जाडजूड, रुंद तोंडाचा मासा मांडलेला दिसतो. फिकट अंगावर नारिंगी-तपकिरी ठिपके. हा हेकरू. दक्षिण कोकणात याला गोबरा म्हणतात. ही नावे अनेक जातींना लावली जातात. येथे आपण एपिनेफेलस कॉइऑइडिस या जातीचा विचार करू.

मोठा हेकरू समुद्रातील खडकांच्या कपारींत राहतो. तरी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन हॅमिल्टन यांनी केले ते 1822 च्या, गंगेतील माशांवरील ग्रंथात! यात नवल नाही. त्याची पिल्ले खाड्यांच्या मचूळ पाण्यात, खारफुटीच्या आसऱ्याने वाढतात.

माणसाचे लिंग गुणसूत्रांनी ठरते, असे आपण वर्गात शिकवतो. हेकरूची तऱ्हा निराळी आहे. तो 25 ते 30 सेंटिमीटर लांबीचा होतो तेव्हा प्रजननक्षम मादी असतो. पुढे 55 ते 75 सेंटिमीटरच्या दरम्यान काही माद्यांच्या जननग्रंथीतील अंडी तयार करणारा भाग क्षीण होतो, शुक्राणू तयार करणाऱ्या ऊती वाढतात आणि त्याच माशाचा नर होतो. असे का व्हावे? 1969 साली मायकेल गिसेलिन यांनी याचे उत्तर सुचवले. लहान मादीही अंडी घालू शकते, पण लहान नराचा मोठ्या नरांपुढे टिकाव लागत नाही. तेव्हा लहानपणी मादी आणि थोराडपणी नर असणे फायद्याचे ठरते.

आता मासेमारीकडे पाहू. बाजारात भाव मोठ्या माशाला. मोठे मासे वेचून काढले, की नरच संपत जातात. मेक्सिकोच्या आखातात हेकरूच्या गॅग नावाच्या भाईबंदात हेच घडले. 1970 च्या दशकात सुमारे 17 टक्के असलेले नर 1990 च्या दशकात 2 टक्क्यांच्या आसपास आले. महाराष्ट्र शासनाने 2023 साली अनेक जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. त्याने पिल्ले वाचतात, ते हवेच. पण हेकरूसारख्या माशाला कमाल आकाराचीही मर्यादा हवी, असे आम्हाला वाटते.

विद्यार्थ्यांना बाजारात न्यावे. हेकरू चिरण्यापूर्वी त्याची लांबी मोजून ठेवावी आणि पोटात गाबोळी निघते का, ते पाहावे. विणीच्या हंगामात अशा नोंदी केल्या, तर किती लांबीपर्यंत गाबोळी सापडते हे त्यांचे त्यांनाच दिसेल.