त्वचारोग व अन्नपचन (आयुर्वेदीय विचार)

त्वचेवर दिसणाऱ्या बहुतेक रोगांचे मूळ अन्नपचनाच्या बिघाडात असते, असे मानणारी आयुर्वेदातील उपपत्ती. ‘कुष्ठ’ ही तिच्यातील मध्यवर्ती संज्ञा होय. आजच्या मराठीत कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ रूढ असला, तरी चरक व सुश्रुत यांच्या संहितांत ती त्वचेला विद्रूप करणाऱ्या रोगांची समुदायवाचक संज्ञा आहे. खरूज, गजकर्ण, इसब यांसारख्या विकारांपासून महारोगापर्यंत पुष्कळ रोग तिच्यात येतात. हा विचार मराठी घरांत ग्रंथांवाचूनही पोहोचलेला आहे. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी आल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणतात व आमसुलाचे पाणी देतात. म्हणजे त्वचेवरील खुणेला पोटातील दोषाचेच नाव दिले जाते. दूध व मासे एकत्र खाल्ल्याने कोड उठते, हा समजही याच विचारातून आलेला असून त्याचा जाच अनेक कुटुंबांना सोसावा लागला आहे.

उपपत्ती : खाल्लेल्या अन्नावर जठराग्नीचा संस्कार होऊन प्रथम रसधातू बनतो व त्यापासून क्रमाने रक्त, मांस इ. धातू बनतात, असे आयुर्वेद मानतो. अग्नी मंद असल्यास रस अपक्व राहतो; त्यास ‘आम’ म्हणतात. आम शरीरभर फिरून स्रोतसे (वहनमार्ग) अडवितो, दोषांचा प्रकोप होतो आणि दूषित रक्ताच्या द्वारे विकार त्वचेत प्रकट होतो. सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगितले असून, दूध तापत असता त्यावर साय धरते त्याप्रमाणे ते उत्पन्न होतात, असा दृष्टान्त दिला आहे. चरकाच्या मते थर सहा आहेत. त्वचा ही बाहेरून चढविलेले आवरण नसून आतील पचनक्रियेचेच फळ आहे, ही कल्पना या दृष्टान्तात स्पष्ट दिसते.

वात, पित्त व कफ हे तीन दोष आणि त्वचा, रक्त, मांस व लसीका ही चार दूष्ये, अशा सात घटकांच्या दुष्टीने कुष्ठ होते, असे चरकसंहितेत म्हटले आहे. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून एकूण अठरा प्रकार होतात. त्यांपैकी दद्रू (गजकर्ण), पामा (खरूज) व विचर्चिका (इसब) यांची आजच्या रोगांशी सांगड सामान्यतः घालतात. इतरांविषयी मतभेद आहेत. कारणांच्या यादीत अजीर्णावर जेवणे, जेवल्यावर लगेच व्यायाम करणे, वांतीचा वेग अडविणे, उन्हातून येताच थंड पाणी पिणे, दिवसा झोपणे आणि नवे धान्य, दही, मासे, उडीद, मुळा, गूळ यांचे अतिसेवन ही कारणे येतात. त्याच यादीच्या शेवटी गुरुजनांचा अपमान व पापकर्म यांचीही गणना केली आहे. आहाराची चूक व आचरणाची चूक एकाच यादीत बसविल्यामुळे त्वचारोगी मनुष्य स्वतःच्या दोषाने आजारी पडला आहे, असे मानण्यास वाट मिळाली.

विरुद्धाहार : एकेकटे निर्दोष असणारे पदार्थ संयोगाने अहितकर होतात, या कल्पनेस विरुद्धाहार म्हणतात. दूध व मासे हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. दोन्ही मधुर रसाचे, परंतु दूध शीतवीर्य व मासे उष्णवीर्य; या विरोधामुळे रक्त दूषित होते व स्रोतसांत अवरोध उत्पन्न होतो, असे कारण दिले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील या प्रकरणात एक वाद नोंदविलेला आहे. चिलिचिम नावाचा मासा वगळता इतर सर्व मासे दुधाबरोबर खाण्यास हरकत नाही, असे भद्रकाप्य म्हणतो. आत्रेयास हे मान्य नाही. कोणताच मासा दुधाबरोबर खाऊ नये व चिलिचिम तर मुळीच नाही, असा त्याचा निर्णय आहे. प्रकरणाच्या शेवटी मात्र महत्त्वाचा अपवाद आहे. ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण, बलवान व व्यायाम करणारा आहे, ज्याला तो आहार सवयीचा आहे किंवा ज्याने तो थोडाच घेतला आहे, त्याला विरुद्धाहार बाधत नाही. लोकव्यवहारात निषेध तेवढा टिकला व अपवाद विसरला गेला.

चिकित्सा : रोगाचे मूळ कोठ्यात मानल्यामुळे चिकित्साही तेथूनच सुरू होते. वाग्भटाने कुष्ठरोग्यास दर पंधरवड्यास वमन, दर महिन्यास विरेचन, दर तिसऱ्या दिवशी नस्य व दर सहा महिन्यांनी रक्तमोक्षण सांगितले आहे. खैर हे कुष्ठनाशक द्रव्यांत श्रेष्ठ मानले असून कडुनिंब, मंजिष्ठ, बहावा व त्रिफळा यांचाही वापर होतो. लेप बाहेरून लावावयाचे ते शोधनानंतर, असा सामान्य क्रम आहे.

पोट व त्वचा यांचा संबंध इतर पद्धतींतही जोडलेला आढळतो. युनानी वैद्यकात बिघडलेले रक्त शुद्ध करणाऱ्या औषधांचा मोठा वर्ग आहे. जर्मनीतील लाइपसिक येथील लूई कूने (१८३५–१९०१) यांनी सर्व रोग पोटाच्या आसपास साचलेल्या विजातीय द्रव्यापासून होतात, असे प्रतिपादिले. त्यांच्या ग्रंथाचा महात्मा गांधींवर प्रभाव पडला आणि १९४६ मध्ये पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम निघाला. होमिओपॅथीचे प्रवर्तक हानेमान यांनी १८२८ मध्ये नेमकी उलट दिशा मांडली : त्वचेवरील खाज बाहेरून दडपली, तर रोग आत वळतो. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८३४ मध्ये, पॅरिस येथे रेनूची यांनी खरजेचा किडा रुग्णाच्या त्वचेतून सुईने काढून दाखविला. तरीही खरूज ‘दाबू’ नये ही समजूत अद्याप ऐकू येते व साध्या मलमाने बरा होणारा रोग घरभर पसरतो.

आधुनिक वैद्यकही या कल्पनेपासून अलिप्त नव्हते. पॅरिसमधील बूशार यांनी १८८७ मध्ये आतड्यातील विषांनी शरीर दूषित होते, अशी ‘स्वयंविषबाधे’ची उपपत्ती मांडली आणि लंडनचे शल्यचिकित्सक लेन यांनी तिच्या आधारे रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. ही उपपत्ती पुढे त्याज्य ठरली. विरेचनापेक्षा हा उपाय कितीतरी भयंकर होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

आधुनिक निष्कर्ष : काही थोड्या रोगांत आतडे व त्वचा यांचा संबंध निर्विवाद सिद्ध झाला आहे. कोपर, गुडघे व कुल्ले यांवर तीव्र खाजेचे फोड आणणाऱ्या एका रोगाचे वर्णन अमेरिकन वैद्य ड्युरिंग यांनी १८८४ मध्ये ‘डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ या नावाने केले. १९६६ मध्ये या रुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तरात गव्हातील ग्लुटेनमुळे होणारी विकृती आढळली. गहू, जव व राय वर्ज्य केल्यास फोड कमी होतात. मात्र त्यास कित्येक महिने लागतात. विशेष म्हणजे अशा बहुतेक रुग्णांना पोटाची तक्रार जाणवतच नाही.

वल्कचर्म (पेलाग्रा) या रोगात उघड्या त्वचेवर काळसर पट्टे पडतात व अतिसार होतो. तो निकोटिनिक अम्लाच्या अभावाने होतो. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत तो आढळे. ज्वारीतील ल्यूसिन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध असावा, असे हैदराबाद येथील गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये सुचविले. येथे आतडे त्वचेला बिघडवीत नाही; एकाच उणिवेने दोन्ही पीडित होतात. हा भेद जुन्या उपपत्तीत करता येत नव्हता. तारुण्यपीटिकांच्या बाबतीत, रक्तशर्करा झपाट्याने वाढविणारे पदार्थ कमी केल्यास त्या काहीशा घटतात, असे २००७ मधील एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दिसले.

लहान मुलांच्या इसबात तर कार्यकारणाची दिशा पुष्कळदा उलटी असते. त्वचेचा अडसर मजबूत ठेवणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष २००६ मध्ये या रोगाशी जोडला गेला. फाटलेल्या त्वचेतून अन्नकण शरीरात शिरतात व त्यांच्याविषयी अधिहृषता (ॲलर्जी) निर्माण होते, असे आता मानतात. इसब अन्नामुळेच झाले असे समजून दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे सरसकट बंद करणे त्यामुळे निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरू शकते : मुलाचे पोषण खुंटते आणि, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगानुसार, शेंगदाण्याशी लवकर परिचय न झालेल्या बालकांत त्याची अधिहृषता अधिक होते.

कोड व दूध-मासे : कोडास चरकसंहितेत श्वित्र म्हटले असून ते अठरा कुष्ठांबाहेर, प्रकरणाच्या अखेरीस वर्णिले आहे. असत्य भाषण, कृतघ्नता, पूर्वकर्म व विरुद्धाहार ही त्याची कारणे सांगितली आहेत. सुश्रुताने मात्र ते केवळ त्वचेपुरते व स्राव नसलेले म्हणून कुष्ठाहून निराळे ठरविले, हे निरीक्षण अचूक आहे. आज कोड हा रोगप्रतिकारक्षम पेशींनी रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींचा नाश केल्याने होणारा विकार मानला जातो. तो स्पर्शाने पसरत नाही. माशांशी त्याचा संबंध असता, तर तो मासेखाऊ प्रदेशांत विपुल आढळला असता. परंतु डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावर १९७७ मध्ये त्याचे प्रमाण सुमारे ०.३८ टक्के व कलकत्त्यात १९८५ मध्ये सुमारे ०.४६ टक्के आढळले. शाकाहारी लोक मोठ्या संख्येने असलेल्या गुजरातेतील काही पाहण्यांत ते याहून बरेच अधिक होते. फिनलंडमध्ये तर सामन मासा दुधात व सायीत शिजवून नेहमी खातात. असे असूनही आपल्याकडे कोड असलेल्या मुलीचे दूध, मासे व आंबट बंद केले जाते, आणि लग्नाच्या बोलण्यात तिच्या आईच्या खाण्याचीही चौकशी होते.

श्वित्रावर बावची पोटात देऊन किंवा लावून रुग्णास उन्हात बसविण्याचा जुना उपचार मात्र पचनाच्या उपपत्तीवाचूनही खरा ठरला आहे. बावचीत सोरॅलेन असते व ते प्रकाशाने क्रियाशील होते. त्याच वर्गातील द्रव्य व जंबुपार किरण यांचा संयुक्त उपचार १९७४ पासून सोरियासिसवरही प्रचारात आला. प्रमाण चुकल्यास बावचीने त्वचा भाजते, आणि पोटात घेतल्याने यकृतास इजा झाल्याचीही उदाहरणे नोंदलेली आहेत. पारा असलेल्या रसौषधींच्या बाबतीतही सावधगिरी हवी : २००४ मध्ये बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळालेल्या सत्तर आयुर्वेदीय औषधांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. रक्तशुद्धीसाठी महिनोन्‌महिने औषध घेणाऱ्या त्वचारोग्याचे यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी त्यामुळे मधून मधून करणे आवश्यक असते. बधिर असलेला फिकट चट्टा तर पोट साफ करण्यात वेळ न दवडता त्वरित तपासून घ्यावा लागतो. तो महारोगाचा असल्यास १९८२ पासून उपलब्ध असलेल्या बहुविध औषधोपचाराने मज्जातंतू निकामी होण्यापूर्वी बरा करता येतो. [⟶ कोड, महारोग].