टाके सुकले, पण बाबा गप्प का?

बायपास झाली, टाके सुकले, रिपोर्टही नॉर्मल. तरी बाबा गप्पच. जेवण अर्धं टाकतात, चालायला नको म्हणतात. भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस घरी बसला की आपण म्हणतो, 'अशक्तपणा असेल.' पण दोन आठवडे हेच चाललं, तर ते डिप्रेशन असू शकतं. आणि त्यावर बोलून उपचार होतात.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने बायपासनंतर डिप्रेशन आलेल्या 123 रुग्णांचा अभ्यास केला. 2009 मध्ये निकाल आला. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे सीबीटी घेतलेल्यांपैकी 71 टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण 33 टक्के होतं.

सीबीटीत उपदेश नसतो. 'आता मी कुणाच्या कामाचा नाही' हा विचार थेरपिस्ट रुग्णासोबत तपासून बघतो: कशावरून? मग छोटी कामं ठरतात. आज नाक्यापर्यंत चालायचं, उद्या जुन्या मित्राला फोन करायचा.

आपण काय करू शकतो? 'टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर थांबू नका. पुढच्या तपासणीला सोबत जा, डॉक्टरांना झोप, भूक, मूड सगळं सांगा. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, 24 तास. मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावून दिलात तरी चालेल.