गॅस्ट्रिक बँडनंतरचा दिनक्रम

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर शेंद्रा औद्योगिक वसाहत पसरली आहे. २००१ पासून स्कोडाचा मोटार कारखाना येथे चालतो. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग म्हणून ‘ऑरिक’ हे नियोजित औद्योगिक शहर याच परिसरात आकाराला आले. येथील दिवस पाळ्यांच्या हिशेबाने चालतो. वजन घटवण्यासाठी जठराभोवती बँड बसवून घेतलेल्या व्यक्तीचे जेवण, पाणी, झोप आणि औषधे यांनाही एक ठरावीक क्रम लागतो. हे दोन क्रम कुठे जुळतात आणि कुठे अडतात, यावर शस्त्रक्रियेचा परिणाम बराचसा अवलंबून राहतो.

बँड म्हणजे काय

गॅस्ट्रिक बँड हा सिलिकॉनचा पट्टा असतो. दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून तो जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवला जातो. पट्ट्याच्या वर साधारण १५ ते ३० मिलिलिटरचा लहान कप्पा राहतो आणि जठराला वाळूच्या घड्याळासारखा आकार येतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या ‘पोर्ट’ला जोडलेली असते. या शस्त्रक्रियेत जठर कापले जात नाही आणि आतड्याचा मार्गही बदलला जात नाही. त्यामुळे अन्नातील पोषकद्रव्यांचे शोषण पूर्वीप्रमाणेच होते आणि गरज पडल्यास बँड काढता येतो.

भूक कमी कशी होते

वरचा कप्पा भरला की जेवण थांबते, एवढेच हे साधे नाही. नीट चावलेला घास अन्ननलिकेच्या एकामागून एक आकुंचनांनी बँडमधून पुढे ढकलला जातो. त्याला मिनिटभर लागू शकते. या वेळी बँडखालच्या जठरभित्तीवर दाब येतो, तेथील चेतातंतू उद्दीपित होतात आणि मेंदूकडे तृप्तीचा संदेश जातो. हा संदेश हळूहळू उमटतो. भरभर जेवणाऱ्याला तो मिळण्याआधीच घास एकावर एक साचतात. मग तृप्तीऐवजी छातीत दाटल्यासारखे होते आणि उलटी होते. बँडनंतरचे आहाराचे बहुतेक नियम याच एका प्रक्रियेतून निघतात.

उगम आणि आजचे स्थान

मापात बदल करता येणारा सिलिकॉन बँड १९८६ मध्ये अमेरिकेत लुबोमीर कुझमाक यांनी वापरात आणला. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीद्वारे बसवला. २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘लॅप-बँड’ला मान्यता दिली आणि पुढील दशकात ही पद्धत जगभर पसरली. त्यानंतर जठर कापून लहान करणारी ‘स्लीव्ह’ आणि आतड्याचा मार्ग बदलणारी ‘बायपास’ या शस्त्रक्रियांनी तिची जागा घेतली. आज भारतातही नव्या रुग्णांसाठी बँड क्वचितच निवडला जातो. मात्र पूर्वी बसवलेले बँड आजही अनेकांच्या पोटात आहेत आणि त्यांची देखभाल ही चालू गरज आहे.

पहिले सहा आठवडे

सुरुवातीला पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ आणि शेवटी नेहमीचे अन्न, असा हा क्रम साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो. बँड आपल्या जागी स्थिर होण्यासाठी हा काळ आवश्यक असतो. वारंवार उलट्या झाल्यास तो सरकण्याचा धोका वाढतो. बैठे काम एक-दोन आठवड्यांत सुरू करता येते. जड वस्तू उचलणे, ओढणे, ढकलणे मात्र सहसा चार ते सहा आठवडे टाळावे लागते. कारखान्यातील कामगारासाठी म्हणूनच रुग्णालयातून घरी सुटणे आणि यंत्रावर परत उभे राहणे यांत बरेच अंतर असते. कामाचे स्वरूप सर्जनला आधीच सांगितलेले असल्यास रजा आणि तात्पुरते हलके काम यांचे नियोजन नेमके होते.

बँडचे माप जुळवणे

बँड बसवताना तो बहुधा रिकामा किंवा अगदी थोडा भरलेला असतो. सुमारे चार ते सहा आठवड्यांनी पोर्टमध्ये विशेष सुई घालून सलाइन सोडले जाते. ते थोड्या थोड्या मात्रेत, काही महिन्यांच्या अवधीत वाढवतात. माप योग्य असेल तर लहान जेवणाने समाधान होते आणि पुढील काही तास भूक त्रास देत नाही. बँड सैल असेल तर भूक लवकर परतते. तो अति घट्ट असेल तर घास अडकतात, जळजळ होते, रात्री खोकला येतो आणि माणूस नकळत आइस्क्रीम, बिस्किटे अशा सहज उतरणाऱ्या पदार्थांकडे वळतो. त्यामुळे अधिक घट्ट बँडने वजन अधिक उतरते, ही समजूत चुकीची आहे.

अर्ध्या तासाची सुट्टी

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचे बंधन घातले. पाळीतील जेवणाची सुट्टी याच धर्तीवर आखलेली असते. बँड असलेल्या व्यक्तीला लहान जेवणालाही वीस ते तीस मिनिटे लागतात. हात धुणे आणि कँटीनमधील रांग वजा केली की वेळ अपुरा पडतो आणि घाई होते. यावर व्यवहार्य उपाय घरच्या डब्याचा आहे: रांगेचा वेळ वाचतो, अन्न मऊ ठेवता येते आणि प्रमाण घरीच ठरते. वेळ संपल्यावर उरलेले अन्न घाईने संपवण्यापेक्षा तसेच ठेवणे सुरक्षित असते. या सवयीला सहकाऱ्यांची आणि पर्यवेक्षकाची समजूत लाभली तर ती टिकते.

फिरती पाळी आणि झोप

पाळी बदलली की घड्याळाप्रमाणे ठरवलेली जेवणाची वेळ मोडते. जागे होण्याच्या वेळेपासून मोजलेला क्रम अधिक टिकाऊ ठरतो: जागे झाल्यावर पहिले खाणे आणि त्यानंतर चार-पाच तासांच्या अंतराने दोन लहान जेवणे. झोपून उठल्यावर बँड अधिक घट्ट वाटतो, असा अनेकांचा अनुभव असतो. म्हणून पहिले खाणे पातळ किंवा मऊ असणे सोयीचे पडते. रात्रपाळीहून परतल्यावर जेवून लगेच आडवे झाल्यास वरच्या कप्प्यातील अन्न अन्ननलिकेत उलटू शकते. शेवटचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राहावे, यासाठी ते जेवण पाळी संपण्यापूर्वीच घेणे हितकर असते.

मराठवाड्याचे ताट

पदार्थ कितपत अडेल हे त्याच्या पोतावर ठरते. ताजी मऊ पोळी आणि पाव चावल्यावर चिकट गोळा बनतात. मोकळा नसलेला भातही तसाच वागतो. ज्वारीची भाकरी वरणात किंवा येसर आमटीत कुस्करून, पूर्ण भिजवून घेतल्यास बहुतेकांना सोपी जाते. पिठले, मुगाचे वरण, मऊ शिजलेला दुधी किंवा दोडका सहज उतरतात. मेथीचे देठ, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, मोसंबीच्या फोडींची पातळ साले आणि ओले खोबरे अडकू शकतात. हिवाळ्यातील हुरडाही फार बारीक चावावा लागतो. नवा पदार्थ प्रथम घरी, निवांत वेळी खाऊन पाहणे आणि मगच डब्यात नेणे ही सुरक्षित रीत होय.

प्रथिनांचा हिशेब

वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजू शकतात. ही झीज रोखण्यासाठी दिवसाला सुमारे ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. एका अंड्यात सुमारे ६, वाटीभर शिजलेल्या वरणात साधारण ५ ते ७ आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. जेवणच लहान झाल्यामुळे भाकरी-भात आधी खाल्ला तर वरण-उसळीला जागा उरत नाही. ताटातील प्रथिनांचा पदार्थ आधी खाण्याचा नियम यासाठीच आहे. शोषण अबाधित असले तरी अन्नाचे प्रमाण घटलेले असते. म्हणून जीवनसत्त्वे आणि खनिजांच्या पूरक गोळ्या लागतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये बी-१२, तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये लोह यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

पाणी आणि उन्हाळा

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. भट्टी किंवा वेल्डिंगजवळ उष्णता आणखी वाढते. बँडमुळे तहान लागल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पिता येत नाही. जेवताना आणि जेवणानंतर सुमारे अर्धा तास पाणी टाळले जाते, कारण पाण्याने अन्न लवकर पुढे सरकते आणि घाईने प्यायल्यास ते उलटून पडते. त्यामुळे दिवसाचे दीड-दोन लिटर पाणी, आणि उष्ण कामात त्याहून अधिक, घोटाघोटाने दिवसभर विभागावे लागते. कामाच्या जागेजवळ बाटली ठेवण्याची मुभा ही अशा व्यक्तीची वैद्यकीय गरज आहे. गडद लघवी, चक्कर आणि डोकेदुखी ही पाणी कमी पडल्याची लक्षणे होत.

बँड न अडवणारे पदार्थ

बँड घन अन्नावर काम करतो. द्रव त्यातून सहज निसटतो. उसाचा रस, आमरस, बासुंदी, गोड लस्सी आणि दर सुट्टीतला साखरेचा चहा यांतील उष्मांक तृप्ती न देता शरीरात पोहोचतात. वितळणारे चॉकलेट, फरसाण आणि बिस्किटांचेही तसेच आहे. मद्यातूनही उष्मांक येतात आणि खाण्यावरचे नियंत्रण सैल होते. वायूयुक्त शीतपेयांनी कप्प्यात वायू साठून अस्वस्थता येते. योग्य माप असूनही वजन थांबले, तर प्रथम दिवसभरातील द्रव पदार्थांची नोंद तपासणे उपयुक्त ठरते.

उपवास, सण आणि यात्रा

सामूहिक जेवणात आग्रह हा आदराचा भाग मानला जातो. बँड असलेल्या व्यक्तीची खरी परीक्षा तेथेच होते. चैत्रात शेंद्रा कमंगर येथे मांगीरबाबांची यात्रा भरते आणि घरोघरी मटण शिजते. मटणाचे तंतुमय तुकडे बँडमध्ये अडकू शकतात. बारीक खिमा लहान घासांत घेणे तुलनेने सोपे असते. एकादशीची साबुदाणा खिचडी चिकट असते आणि साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात. दही, दूध किंवा पनीर यांची जोड दिल्यास उपवासही सांभाळला जातो. दीर्घ उपवासानंतरचे पहिले जेवण भरभर आणि मोठे होण्याचा संभव असतो. रमजानमध्येही इफ्तारचे अन्न थोड्या थोड्या अंतराने विभागणे इष्ट ठरते.

औषधांतील बदल

मोठ्या गोळ्या बँडपाशी अडकू शकतात. त्यांचे द्रवरूप, लहान आकार किंवा पूड करून घेण्याचा पर्याय डॉक्टर सुचवतात. औषध सावकाश सोडणाऱ्या गोळ्यांची पूड करणे मात्र धोक्याचे असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके जठराला इजा करू शकतात. अंगमेहनतीनंतर ती सर्रास घेतली जातात, म्हणून ही सूचना महत्त्वाची आहे. वजन आणि आहार घटल्यावर इन्शुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे यांची पूर्वीची मात्रा जास्त होऊ शकते. यंत्रावर काम करताना रक्तातील साखर अचानक उतरणे अपघाताला कारण ठरू शकते. मात्रेचा आढावा त्यामुळे वेळच्या वेळी घ्यावा लागतो.

तातडीची लक्षणे

पाणी किंवा लाळही न उतरणे, न थांबणाऱ्या उलट्या, पोटात तीव्र वेदना, ताप, पोर्टच्या जागी सूज किंवा लाली यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. बँड सरकणे, वरचा कप्पा फुगणे आणि बँड जठरभित्तीत रुतणे हे यामागचे गंभीर प्रकार असू शकतात. अनेकदा पोर्टमधून सलाइन काढून घेणे हा पहिला उपचार असतो. बँडची बनावट, बसवल्याची तारीख आणि भरलेल्या सलाइनची मात्रा लिहिलेले कार्ड जवळ असल्यास अनोळखी डॉक्टरचेही काम सोपे होते. शस्त्रक्रियेनंतर गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने लांबवण्याचा सल्ला दिला जातो; गर्भारपणात गरजेप्रमाणे बँड सैल करता येतो.

पात्रता आणि विमा

बीएमआय म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. भारतीयांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेह आणि हृदयविकार दिसत असल्याने २००९ च्या भारतीय सहमती-मार्गदर्शनात शस्त्रक्रियेसाठी ३७.५, किंवा सहव्याधी असल्यास ३२.५ ही मर्यादा सुचवली गेली. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींत मात्र ४०, अथवा ठरावीक गंभीर सहव्याधींसह ३५, हा निकष आहे. त्यामुळे वैद्यकीयदृष्ट्या पात्र असलेली व्यक्तीही विम्याच्या कक्षेबाहेर राहू शकते. पुढील तपासण्या, सलाइन भरणे आणि संभाव्य दुरुस्ती यांचा खर्च विचारात घेतल्याशिवाय अशा निर्णयाचा हिशेब पूर्ण होत नाही.

मर्यादा आणि यशाचे मोजमाप

बँडने वजन सावकाश उतरते. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही समाधानकारक गती मानली जाते. मेलबर्नमधील पॉल ओब्रायन यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ पाठपुराव्यात १५ वर्षांनंतरही जादा वजनातील सुमारे ४७ टक्के घट टिकलेली आढळली. त्याच रुग्णांपैकी अनेकांना मधल्या काळात दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागली होती. बँड उपयोगी ठरण्यासाठी दीर्घकाळ देखरेख लागते, हे या दोन्ही गोष्टींवरून स्पष्ट होते. वजनकाट्याबरोबरच आटोक्यात आलेली साखर, शांत झोप, गुडघ्यांवरील कमी झालेला भार आणि पाळीभर टिकणारी ताकद हेही यशाचे निकष आहेत. हे यश रुग्णाच्या निर्धाराइतकेच जेवणाला मिळणाऱ्या सलग अर्ध्या तासावर, हाताशी असलेल्या पाण्यावर आणि तपासणीसाठी मिळणाऱ्या रजेवर उभे असते. त्यांपैकी बराच भाग घर आणि कारखाना यांच्या हातात आहे.