विश्लेषण : अपघात नाही, टोलनाका नाही, तरीही वाहतूक कोंडी का होते?

सलग सुट्ट्यांच्या काळात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाहने अचानक थबकतात. मुंगीच्या गतीने बराच वेळ पुढे सरकल्यावर रस्ता एकाएकी मोकळा होतो. वाटेत ना अपघात दिसतो, ना बंद पडलेला ट्रक. मग कोंडी झाली कशामुळे? याचे उत्तर गणितात आहे.

विनाकारण कोंडी होऊ शकते?

होय. जपानमधील नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. ताशी ३० किलोमीटर वेगाने चालत राहा, एवढीच सूचना चालकांना होती. सिग्नल नाही, अडथळा नाही. तरीही थोड्याच वेळात काही गाड्या पूर्ण थांबू लागल्या. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडीची लाट ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत होती.

ही लाट येते कुठून?

पुढच्या गाडीने किंचित ब्रेक लावला, की मागच्या चालकाला ते क्षणभर उशिरा कळते. त्यामुळे तो जरा जास्त जोराने ब्रेक लावतो. त्याच्या मागचा आणखी जोराने. गाड्यांमध्ये अंतर कमी असेल तर दहाव्या-पंधराव्या गाडीला थांबावेच लागते. सुरुवात करणारा चालक तोवर पुढे निघून गेलेला असतो.

गणित काय सांगते?

ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटहॅम यांनी १९५५ मध्ये वाहतुकीला वाहत्या द्रवाची समीकरणे लावली. मूळ सूत्र सोपे आहे : प्रवाह म्हणजे घनता गुणिले वेग. समजा, एका मार्गिकेत दर किलोमीटरला २० गाड्या ताशी ८० किलोमीटरने धावत आहेत. तासाला १,६०० गाड्या पुढे जातील. गाड्या ४० झाल्या आणि वेग ५० वर आला, तर २,०००. पण गाड्या ६० झाल्या आणि वेग २० वर घसरला, तर फक्त १,२००. म्हणजे एका मर्यादेनंतर रस्त्यावर जितक्या जास्त गाड्या, तितक्या कमी गाड्या पुढे जातात.

उपाय काय?

गर्दी वाढण्याआधीच वेग कमी करणे. ब्रिटनच्या एम-२५ महामार्गावर १९९५ पासून गर्दीनुसार बदलणारी वेगमर्यादा वापरली जाते. सगळे सारख्या, थोड्या कमी वेगाने चालले तर ब्रेक कमी लागतात आणि लाट उठत नाही. अमेरिकेत ॲरिझोनातील प्रयोगात तर वीसेक गाड्यांमधील एकाच स्वयंचलित गाडीने वेग स्थिर ठेवून लाट शमवली. इंधनाचा वापर ४० टक्क्यांपर्यंत घटला.

भारतात हे लागू पडते?

तत्त्व तेच, गणित अवघड. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक एकाच रस्त्यावर असतात आणि मार्गिकेची शिस्त क्वचितच पाळली जाते. बोरघाटाच्या चढावर तर जड वाहनांचा वेगच कमी असतो. त्यांना ओलांडण्यासाठी कोणी अचानक मार्गिका बदलली, की मागे ब्रेकची साखळी सुरू होते.

चालकाने काय करावे?

पुढच्या गाडीपासून अंतर राखावे. मोकळी जागा दिसताच वेग वाढवून पुन्हा ब्रेक मारू नये. त्याने स्वतःचा फार वेळ वाचत नाही. मागच्या पन्नास जणांचा मात्र जातो.