टिपेश्वरच्या वाघाची मधली वाट

२०१९च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण नर वाघाला बेशुद्ध करून गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. कागदोपत्री तो ‘टी-१ सी-१’. पुढे ‘वॉकर’ म्हणून गाजला. वयात येणाऱ्या नराची मान अजून भरायची असते, त्यामुळे अशी कॉलर बांधताना तेवढी ढील सोडावी लागते. आवळली तर गळ्याला काच, फार सैल ठेवली तर पंजा अडकायचा.

जूनमध्ये त्याने टिपेश्वर सोडलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सरळ रेघेत हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आतलं. वाघ मात्र सुमारे तेराशे किलोमीटर चालला होता! वाटेत तेलंगणातही शिरला. कॉलर ठरावीक वेळाने जीपीएसवरून जागा टिपते आणि उपग्रहामार्फत पाठवते. त्या नोंदी जोडल्यावर दिसलं, की गडी दिवसा दडून राहायचा आणि रात्री शेताशिवारांतून पुढे सरकायचा. आपण ज्याला नुसतं कपाशीचं रान समजतो, तो वाघाचा रस्ता होता.

भारतीय वन्यजीव संस्थेनेच कांदळवन प्रतिष्ठानासोबत २०२२मध्ये कोकणच्या पाच ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्यांवर ट्रान्समीटर बसवले. वेळासची प्रथमा त्यांतली पहिली. इथे बेशुद्धीचं इंजेक्शन लागत नाही. अंडी घालून झाल्यावर मादीला थांबवून, पाठ घासून-पुसून इपॉक्सीने यंत्र चिकटवतात. नर कासव किनाऱ्यावर येतच नाही, म्हणून अशा नोंदी बहुतेक माद्यांच्याच. शिवाय खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. कासव श्वासाला वर आलं, की यंत्रावरचा संवेदक कोरडा पडतो आणि तेवढ्यात संदेश सुटतो. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी बारीक आणि दूर जाणारीची जाड वाटते, तसाच फरक सरकत्या उपग्रहाला मिळणाऱ्या संदेशाच्या वारंवारितेत पडतो आणि त्यावरून कासवाची जागा काढतात.

यंत्र नसेल तर काय होतं? ओडिशात २०२१मध्ये ‘०३२३३’ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावलेली मादी २०२५च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. सुरुवात कळली, शेवट कळला. श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर आली असावी, हा अंदाजच. वाघाचंही तेच. २०२४च्या अखेरीस धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. पट्टे जुळवले, तर तो टिपेश्वरचा निघाला. त्याच्या गळ्यात कॉलर नव्हती. महामार्ग कुठे ओलांडला, कोणत्या नाल्याने गेला, याची नोंद नाही. आणि रस्त्याखाली वाघासाठी भुयारी मार्ग कुठे ठेवायचा हे ठरवताना नेमकी तीच लागते.