गच्चीवरील छत्री आणि टेबलावरील संगणक

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर दूरचित्रवाणीचा मनोरा आहे. छपरावरील काड्यांचा अँटेना फिरवून पडद्यावरच्या मुंग्या घालवण्याचे दिवस अनेक घरांत अजून आठवले जातात. ते दिवस सरले. मार्च २०२२पर्यंत दूरदर्शनने मोजकी ठिकाणे वगळता देशभरातील जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले. जमिनीवरील मनोऱ्यांचे डिजिटल प्रक्षेपण २०१६मध्ये ज्या १६ शहरांत सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) एवढीच होती. मुंबईपासून सातारा सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास, सांगली त्याहून दूर आणि मध्ये सह्याद्री आडवा. त्यामुळे संगणकाला जोडायची, छोट्या दांडीच्या अँटेनाची यूएसबी पट्टी येथे निरुपयोगी आहे. तिच्यात पैसे गुंतवू नयेत.

येथे खात्रीचा मार्ग उपग्रहाचा. डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेली, आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाणारी सेवा मासिक वर्गणी घेत नाही. सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. इंटरनेट बंद पडले तरी ती अडत नाही, हे ज्येष्ठांच्या घरी फार महत्त्वाचे.

संगणकासाठी ‘डीव्हीबी-एस२’ जातीचा ट्यूनर लागतो. केवळ ‘एस’ असलेला जुना ट्यूनर स्वस्त मिळतो, पण काही वाहिन्यांना मुकावे लागते. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट द्यावे लागतात, तर यूएसबीतून ५ व्होल्टच येतात. म्हणून स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असलेली पेटी घेणे शहाणपणाचे.

खरी कसोटी छत्रीची. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सातारा-सांगलीहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. नेहमीच्या छत्रीचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूस असतो, म्हणून ती पाहताना कमी कललेली भासते; नजरेच्या अंदाजाने तोंड वर करू नये. संगणकाच्या पडद्यावर ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन आकडे दिसतात. बहुतेक जण पहिल्यावर समाधान मानतात. छत्री भलत्याच दिशेला असली तरी स्ट्रेंथ चांगली दिसू शकते. विश्वास ठेवावा तो क्वालिटीवर. छत्री केसभर हलवावी, क्षणभर थांबावे, आकडा सर्वाधिक झाला की मगच नट आवळावेत.

डिजिटल चित्रात मुंग्या येत नाहीत. ते स्वच्छ दिसते, नाहीतर चौकोन पडून गोठते. साताऱ्याच्या जोरदार पावसात हे हटकून घडते. तेथे ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री बसवल्यास क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि पावसासाठी शिल्लक हाताशी राहते. गच्चीवरील वायरचे जोड पाण्यापासून झाकावेत. घरात सेट-टॉप बॉक्स आधीच असेल तर वायरला साधा फाटा देऊ नये. दोन स्वतंत्र तोंडांचा एलएनबी बसवून संगणकाकडे दुसरी वायर न्यावी.