आठवड्याला अर्धं पान

बंगाली साहित्याची ओढ मराठी वाचकाला जुनी आहे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. पु. ल. देशपांडे तर पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले आणि ‘वंगचित्रे’ लिहून मोकळे झाले. तिथे जाऊन राहणं सगळ्यांना जमत नाही. पण पाच-सहा जणांनी आठवड्यातून एकदा झूमवर जमायचं, एकच कथा सावकाश वाचायची आणि तिच्याबद्दल बंगालीतच बोलायचं, एवढं नोकरी-घर सांभाळूनही करता येतं.

लिपी आधी यायला हवी. देवनागरी येणाऱ्याला अक्षरांचा क्रम पाठच असतो, आकार तेवढे नवे. रवींद्रनाथांचं ‘सहज पाठ’ (१९३०) त्यासाठी घ्यावं. त्यात नंदलाल बोस यांची चित्रं आहेत. जोडाक्षरं सरावली की गटात यायला हरकत नाही.

आता कथा. ‘पोस्टमास्टर’ने सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. रवींद्रनाथांची ही १८९१ सालची कथा मोजक्या पानांची आहे. आठवड्याला अर्धं पान धरलं तरी तीन महिन्यांच्या आत संपते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यामुळे ही कथा आता सर्वांना खुली आहे. बंगाली विकिस्रोतावरून ती घेऊन सामाईक डॉक्युमेंटात टाकता येते.

तिचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. त्या काळची लेखी बंगाली म्हणजे साधुभाषा, आणि आज लोक बोलतात आणि लिहितात ती चलितभाषा. ‘पोस्टमास्टर’मधलं निवेदन साधुभाषेत आहे, संवाद बोलीत. पुस्तकात ‘करिया’ असतं तिथे बोलताना ‘कोरे’ म्हणायचं, ‘ताहार’चं ‘तार’ करायचं. त्यामुळे कथेतलं वाक्य जसंच्या तसं उचलून उत्तर देता येत नाही. शब्द कथेतून मिळतात, पण वाक्य आपलं आपल्यालाच घडवावं लागतं. व्याकरणाचा वेगळा तास न लावता रूपं घटवायला इतकी चांगली सोय मला दुसरी दिसलेली नाही.

साधुभाषेत संस्कृत शब्द भरपूर, म्हणून मराठी डोळ्याला पान ओळखीचं वाटतं. कानाला ते तसं वाटत नाही. ‘विश्व’ लिहिलेलं ‘बिश्शो’ असं ऐकू येतं, ‘लक्ष्मी’ची ‘लोक्खी’ होते. मनात वाचणारा मराठी माणूस हे शब्द मराठीतच वाचत राहतो. मोठ्याने वाचायचा आग्रह त्यासाठीच.

घरी अर्धं पान तीनदा वाचून यायचं. पहिल्यांदा शब्दकोश बंद ठेवून, अडलं तरी पुढे जायचं. दुसऱ्यांदा ज्याच्यावाचून अर्थच लागत नाही तेवढे शब्द शोधायचे. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संसदचा बंगाली-इंग्रजी कोश आहे, तो पुरतो. तिसऱ्यांदा मोठ्याने. मग डॉक्युमेंटाच्या समासात प्रत्येकाने एक प्रश्न लिहून ठेवायचा.

तासाची पहिली दहा मिनिटं वाचनाची. प्रत्येकी दोन-तीन वाक्यं, बाकीचे म्यूटवर. गटात एक तरी बंगाली भाषक हवा, आणि त्याने मधे थांबवायचं नाही, वाचून झाल्यावर उच्चार सांगायचे. पुढची पंधरा मिनिटं अडलेल्या जागांची. इथे मराठी चालते. मराठीत आपण ‘मी पोथी वाचली’ म्हणतो, क्रियापद कर्माच्या मागे जातं. बंगालीत ते कर्त्याचंच राहतं आणि लिंगाप्रमाणे बदलतही नाही. असले प्रश्न इथेच निकालात काढायचे.

त्यानंतरचा अर्धा तास फक्त बंगालीत. शब्द आठवला नाही तर मराठी शब्द चॅटमध्ये टाकायचा, कुणीतरी बंगाली शब्द तिथेच टाइप करतं आणि बोलणारा बोलतच राहतो. समोरासमोरच्या वर्गात हे जमत नाही. तिथे कुणी शब्द सुचवला की बोलणं तुटतंच.

प्रश्न कसा विचारला जातो यावर सगळं अवलंबून आहे. ‘कथा आवडली का?’ या प्रश्नाला ‘हो, खूप’ एवढंच उत्तर येतं. ज्याचं उत्तर पानाकडे पुन्हा बघितल्याशिवाय देता येणार नाही, असा प्रश्न हवा. कथेतला पोस्टमास्टर कलकत्त्याहून उलापूर या खेड्यात आलेला. बारा-तेरा वर्षांची पोरकी रतन त्याचं घरकाम करते. तो तिला ‘तुइ’ म्हणतो. ती त्याला दादाबाबू म्हणते, पण ‘आपनि’ नाही, ‘तुमि’. निवेदक त्याच्याबद्दल आदरार्थी ‘करिलेन’ लिहितो, तिच्याबद्दल साधं ‘करिल’. पुढे पोस्टमास्टर तापाने आजारी पडतो, रतन रात्रभर उशाशी जागते, आणि लेखक म्हणतो की ती त्या क्षणी आईच्या जागी बसली. इथे प्रश्न टाकायचा: मग तिचं क्रियापदही वर चढलं का?

सगळे पानाकडे धावतात. क्रियापद चढलेलं नाही. आई झाली तरी व्याकरणात ती पोरच आहे. हे लेखकाने जाणून केलं, की मोलकरणीबद्दल लिहिण्याची तेव्हाची रीतच तशी होती? एक जण एक बाजू घेतो, दुसरा दुसरी. लागणारे शब्द समोर पानावर असतात, आणि आपलं म्हणणं पटवायची घाई असल्यामुळे जीभ सुटते. ‘माझं नाव अमुक, मी सकाळी चहा घेतो’ हा संवाद दोन आठवड्यांत आटतो. रतन आटत नाही.

नुसतं वाचून का भागत नाही, याचं उत्तर कॅनडातल्या मेरिल स्वेन या अभ्यासिकेने दिलं आहे. तिथल्या काही शाळांतली इंग्रजीभाषक मुलं बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकत. त्यांना समजायचं उत्तम, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे राहत. १९८५ मध्ये स्वेन यांनी मांडलं की आपल्याला काय येत नाही हे स्वतः वाक्य जुळवू लागल्यावर कळतं. ऐकताना संदर्भावरून निभावून नेता येतं, बोलताना प्रत्यय चुकवून चालत नाही.

गट लहान हवा तो याचसाठी. तीस मिनिटं पाच जणांत वाटली तर प्रत्येकाला सहा मिनिटं येतात. वीस जण असले तर दीड. चारांच्या खाली मात्र जाऊ नये, कारण एक जण आजारी, एक जण प्रवासात, की बैठक बारगळते. संचालन दर आठवड्याला बदलावं, नाहीतर ज्याची बंगाली बरी तोच बोलत बसतो. शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने अर्ध्या पानाचा सारांश तीन वाक्यांत चलितभाषेत लिहायचा. बंगाली सदस्य आठवडाभरात तो तपासतो.

कथा संपल्यावर दुसरी लगेच धरू नये. रवींद्रनाथ जमीनदारीच्या कामासाठी शहाजादपूरला राहत तेव्हा तिथले पोस्टमास्तर त्यांच्याकडे गप्पांना येत. त्यांच्याबद्दल त्यांनी पुतणी इंदिरादेवी यांना पत्रांतून लिहिलं, आणि ती पत्रं पुढे ‘छिन्नपत्र’ (१९१२) या पुस्तकात आली. त्यांची भाषा चलित आहे. कथा झाल्यावर त्यातलं पोस्टमास्तरांबद्दलचं एक पत्र घ्यावं, आणि इथून पुढे अर्ध्याऐवजी एक पान.